खिरापत ओळखणारी

"हिला नका विचारू. हिला हिची आई आधीच सांगून ठेवते."

माझ्या पाठीमागे, चपलांच्या ढिगाजवळ उभं राहून कोणीतरी कोणाला तरी हे सांगत होतं. आवाज हळू होता, पण ज्याला हळू बोलायची फारशी इच्छा नसते त्याचा असतो तेवढाच हळू. बी विंगच्या पार्किंगमध्ये पाटावर खडूने हत्ती काढलेला होता, त्याच्याभोवतीचा फेर नुकताच थांबला होता आणि सगळ्या मुली सतरंजीवर बसून खिरापतीचा डबा वाजायची वाट बघत होत्या. भोंडल्याचा तिसरा दिवस होता. माझी शरू पुढच्या रांगेत मांडी घालून, डोळे मिटून बसली होती.

मी मागे वळून बघितलं नाही. आवाज स्वातीचा होता, ए विंगमधल्या. माझ्याच वयाची, दोन मुलांची आई, आणि आदल्याच दिवशी माझ्याकडून किसणी घेऊन गेलेली. मी सोसायटीत कोणाला 'आज भाजी काय' एवढंही विचारत नाही. लिफ्टमध्ये कोणी असलं तर मी मोबाईल बघते, कोणी नसलं तरी बघते. भोंडल्याची गाणी मला येत नाहीत, कारण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नवरात्रात परीक्षा असायची. फेरात मी ओठ हलवते आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर तेवढं मोठ्याने म्हणते. अशी मी घरोघरच्या स्वयंपाकघरातून बातम्या काढून मुलीला पुरवते, असा माझ्यावर आरोप होता. तोही एका किसणीच्या पुराव्यावर.

शरू, म्हणजे शर्वरी, आता आठवीत आहे. उंच झालीय, कानात इअरफोन असतात, विचारलं की "हं" म्हणते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सहावीत होती ती मुलगी निराळी होती आणि ती आता आमच्याकडे राहत नाही. मला तिच्याबद्दल लिहायचं आहे, कारण तिच्याशी मोठी माणसं जशी वागली त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या मुलीला कान होते. कान सगळ्यांनाच असतात, पण ती ते वापरायची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली निलेशची बाईक येऊन थांबली की ही वहीतून डोकं वर न काढता म्हणायची, "बाबा आला. आज चिडलाय."

"कशावरून?"

"स्टँड एका लाथेत लावला."

निलेश वर येईपर्यंत मी चहा टाकून ठेवायचे. तो उरणजवळच्या बंदरात मालाच्या क्लिअरिंगचं काम बघतो, आणि कंटेनर कुठे अडकला असेल तर घरी येऊन चिडचिड करतो. शरूमुळे आम्हाला दोन मजल्यांची सवलत मिळायची.

मी फोडणी करत असताना ती बाहेरच्या खोलीतून सांगायची, "आई, मोहरी अजून उडायची होती." कलिंगड घ्यायला गेलो की ती त्यावर बोटांनी टकटक करायची, कान लावायची आणि पुढच्याकडे जायची. बाजारातला फळवाला एकदा मला म्हणाला, "ताई, हिला घरी ठेवून येत जा. गिऱ्हाईकं बघतात आणि मग सगळेच वाजवत बसतात." नारळ तर ती दोन्ही हातांत धरून इतक्या गंभीरपणे हलवायची की आजूबाजूची माणसं थांबून निकालाची वाट बघायची. काहीही हातात घेतलं की तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "थांब, ऐकू दे." मग डोळे मिटायचे, मान थोडी डावीकडे. डाव्या कानाने चांगलं ऐकू येतं, असं तिचं म्हणणं होतं.

नाकही तसंच. शेजारी कोणाकडे काय शिजतंय हे तिला डक्टमधून कळायचं, आणि कळलेलं ती आम्हाला बातम्यांसारखं सांगायची. त्यात चहाडी नसायची. "खालच्या मजल्यावर आज परत सोडे आहेत," ती म्हणायची, आणि तिला फार आनंद व्हायचा, जणू ते आमच्याच ताटात येणार होते.

या कानांचा तिला त्रासही होता. फुगा फुटण्याचा आवाज तिला सहन व्हायचा नाही. वाढदिवसांना ती आवडीने जायची, पण केक कापायची वेळ आली की बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसायची, फुगे संपेपर्यंत. यावर मोठी माणसं काय बोलायची ते मी ऐकलेलं आहे. "नाटकी आहे." "एवढी मोठी झाली तरी?" "सवय लावायला पाहिजे." चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सवय लावायचं मनावर घेतलं. ही वेफर्स खात बसली असताना मागून येऊन त्यांनी हिच्या डाव्या कानाशी फुगा फोडला आणि मोठ्याने हसले. शरू रडली नाही. कान हाताने झाकून तिने त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला काय हवं होतं?" त्या माणसाला मी अजूनही नमस्कार करत नाही. त्याला ते कळलेलं नसणार, कारण मी तशीही कोणाला करत नाही.

काय हवं होतं, हा मला आजही योग्य प्रश्न वाटतो.

टी-सेटची गोष्ट त्याच वर्षीची. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला डोंबिवलीहून वंदनाताई आल्या. या निलेशच्या मोठ्या बहीण, शरूच्या आत्या. सोबत चमकीच्या कागदात बांधलेला मोठा खोका. तो टेबलावर ठेवायला म्हणून शरूने उचलला, आणि उचलताच थांबली.

"थांब, ऐकू दे," ती स्वतःशीच म्हणाली. खोका थोडा उजवीकडे कलला, थोडा डावीकडे. मग तिचा चेहरा जुनी मैत्रीण भेटल्यासारखा उजळला. "आई, हा आपलाच टी-सेट आहे. आतला एक कप फुटलाय ना, आपण नेला तेव्हापण असाच वाजायचा."

आम्ही तो निलेशच्या मावसभावाच्या वास्तुशांतीला दिला होता. त्याने पुढे कोणाला दिला, तिथून तो किती घरं फिरला आणि वंदनाताईंकडे कसा पोचला हे कोणी विचारलं नाही. आम्हालाही तो कोणीतरी असाच दिला होता. इतक्या घरांत एकानेही खोका उघडलेला नव्हता. वंदनाताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

"शरू, जा आत्यासाठी पाणी आण," सासूबाई म्हणाल्या.

रात्री जेवताना त्यांनी तिला जवळ घेऊन समजावलं. सासूबाई आपटा गावच्या, स्वभावाने मऊ. त्या कधी ओरडत नाहीत. "बाळा, कळलं तरी सगळं बोलून दाखवायचं नसतं."

"का?"

"समोरच्याला वाईट वाटतं."

शरूने घास तसाच धरून विचार केला. "पण आजी, एक कप फुटलाय हे कोणीतरी कोणालातरी सांगायलाच हवं ना? नाहीतर सगळे तो देतच राहणार."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी आमटीकडे. त्यांनी नंतर सुचवलं की जानेवारीत एक लग्न आहे, तोवर खोका माळ्यावर असू दे. मी दुसऱ्याच दिवशी तो फोडला, फुटका कप टाकून दिला आणि बाकीचे धुऊन ठेवले. आम्ही त्यांतच चहा पितो.

मग शाळा. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, सगळ्या सारख्याच. त्या वर्षीच्या ओपन हाऊसला तिच्या क्लास टीचरने मला समोर बसवून फार गोड इंग्रजीत सांगितलं की शर्वरी हुशार आहे, पण तिच्यामुळे बाकीच्या मुलांना आपण मंद आहोत असं वाटतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर असतो. तेव्हा तिला थोडं थांबायला शिकवा. मी "शुअर, मॅम" म्हणाले. मला त्या भाषेत एवढंच पटकन म्हणता येतं, आणि दुसऱ्या भाषेतही फार काही येतं असं नाही. बाकीच्या मुलांना लवकर हात वर करायला शिकवता येणार नाही का, हे मला रिक्षात सुचलं.

टीचरने शरूलाही परस्पर सांगितलं होतं. ती घरी आली ती हिशेब घेऊनच.

"मॅम म्हणाल्या, तीन उत्तरं आली तर एकच सांगायचं."

"बरं."

"मग बाकीची दोन कुठे ठेवायची?"

ती थट्टा करत नव्हती. पुढचे काही दिवस ती ते नियमाने पाळत होती आणि घरी येऊन न सांगितलेली उत्तरं मला सांगत होती. मी कणीक मळत असायचे आणि ती ओट्याला टेकून म्हणायची, "आज एक भूगोलाचं उरलंय, आणि एक हिंदीचं." अकरा वर्षांच्या मुलीने शाळेतून उरलेली उत्तरं डब्यातल्या पोळीसारखी घरी आणावीत, यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. निलेशला सांगितलं तर तो म्हणाला, "शिकेल गं. जगात असंच असतं." जगात असंच असतं हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. मी शिकले होते तेच. म्हणूनच तर हिने ते शिकू नये असं वाटत होतं.

आणि मग नवरात्र आलं.

आमच्या सोसायटीत भोंडला प्रधान काकूंनी सुरू केला. सगळीकडे नुसता दांडिया चालतो, आपल्या मुलींना आपलं काही माहीत नाही, असं म्हणून. रोज एका घरची खिरापत. ती डब्यात झाकून आणायची, गाणी संपली की यजमानीण डबा हलवून दाखवते आणि मुली ओळखतात. गोड की तिखट, एवढंच विचारायची मुभा. कोणालाच ओळखता आली नाही तर यजमानीण जिंकली. लहानपणी हा खेळ कसा असतो ते मला माहीत नाही, पण मोठेपणी तो फार गंभीर असतो हे मी बघितलं.

पहिल्या दिवशी डबा एकदाच हलला आणि शरू म्हणाली, "वाटली डाळ." सगळ्या हसल्या, कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी स्वातीची पाळी होती. डबा हलला, आवाज जवळजवळ आलाच नाही. मुली केक म्हणाल्या, शिरा म्हणाल्या, एक चिमुरडी पिझ्झा म्हणाली. शरू डोळे उघडून म्हणाली, "दुधीच्या वड्या."

"दुधीच्याच कशावरून?" स्वातीने विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं.

"वड्या एकदम सरकल्या, एकमेकींना चिकटून. नारळाच्या असत्या तर सुट्या आपटल्या असत्या."

मला हे ऐकून इतका अभिमान वाटला की मी पाटावरच्या हत्तीकडे बघत राहिले. पण स्वातीने सकाळी माझ्याकडून किसणी नेली होती. तिने दोन आणि दोन चार केले. तिसऱ्या दिवशी ते चपलांच्या ढिगाजवळ मला ऐकू आलं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळी कोणीतरी लिहिलं, 'खिरापत गुप्त ठेवणे ही सर्वांची जबाबदारी आहे.' खाली अंगठेच अंगठे.

मी त्यावर उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी मन लावून बघितलं, कारण शिकलेल्या बायका इतक्या मेहनतीने एका मुलीच्या मागे लागलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते. एकीने खिरापत घरी केलीच नाही, नवीन पनवेलला बहिणीकडे करून रिक्षाने आणली. एकीने डब्यात आधी नॅपकिन कोंबला. त्या दिवशी डबा मुका होता. शरू बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "कापड आहे. कापडात साबुदाणा आहे, पण वडे नाहीत, चिवडा आहे." होता. पुढच्या डब्यात कोणीतरी युक्तीने दोन कच्चे बटाटे टाकले. शरू गोंधळली, मान दोन्हीकडे करून बघितली, आणि काळजीने म्हणाली, "काकू, वर भेळ आहे. पण खाली काहीतरी घरंगळतंय, ते खायचं नाहीये."

भोईर आजी तेवढ्या मनापासून हसल्या. त्या तळमजल्यावर राहतात. कोन गावात त्यांची शेती होती, ती रस्त्यात आणि बिल्डरांत गेली; आता खालची चार दुकानं त्यांच्या मुलाची आहेत. त्या रोज प्लास्टिकची खुर्ची घेऊन भोंडला बघायला बसायच्या. "आमच्यात ह्ये नाय," त्या म्हणायच्या, "पन बघाया बरा वाटतं." बटाट्यांच्या दिवशी त्या स्वातीला म्हणाल्या, "पोरीला कान हाय, त्यात तिचा काय गुना? तुमी बटाटं टाकता, लाज नाय वाटत?"

"आजी, मजा असते हो," स्वाती म्हणाली.

"मग हसा की. तोंडं कशाला पाडलीत?"

खरं तर तिथे हे मी म्हणायला हवं होतं. पण मी डिशेस वाटत होते.

शरूला यातलं काय कळत होतं ते मला नक्की सांगता येणार नाही. तिला एवढंच दिसत होतं की डबा रोज अवघड होतोय, आणि तिला वाटायचं की हे सगळं तिच्यासाठी चाललंय, तिला मजा यावी म्हणून. "उद्याचा अजून कठीण असेल," ती झोपताना पाय भिंतीला लावून म्हणायची. तसंच झोपायची सवय होती तिला. भिंतीवर तिच्या टाचांचे दोन डाग आहेत, ते मी रंग देताना तसेच ठेवायला सांगितले. बायका आपल्यासाठी इतका विचार करतात, याचं तिला अप्रूप होतं. मला हे बघवत नव्हतं.

शेवटचा भोंडला प्रधान काकूंकडे होता. काकू वाईट नाहीत, हे मला लिहायला हवं. एकट्या राहतात, मुलगा पुण्याला असतो, सुनेला त्यांचं खाणं तेलकट वाटतं. हाताला चव अशी की त्यांच्याकडची वाटी परत करताना ती रिकामी करायला सगळं घर भांडतं. त्या दुपारी मी आणि शरू भाजी घेऊन येत होतो, लिफ्टमध्ये काकू भेटल्या. पहिला मजला जायच्या आत त्यांनी शरूचे दोन्ही गाल हातांत घेतले.

"शरूबाळ, माझं एक ऐकशील? आज जरा चुकशील का गं?"

शरूला कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे ओळखायचं नाही. सकाळपासून उभी आहे मी ओट्याशी. माझी खिरापत एकदा तरी कोणाला ओळखता येऊ नये, एवढीच इच्छा आहे. सगळ्यांचाच विरस होतो गं रोज."

"पण मला कळलं तर?"

"कळलं तरी."

"मग मी काय म्हणू?"

"काहीही म्हण. चुकीचं."

काकूंच्या हातांना हळदीच्या पानांचा वास होता. मला आला, म्हणजे शरूला आलाच असणार. तिच्या नाकपुड्या हलल्या आणि तिने एकदम खाली बघितलं. चुकायला सांगता सांगता काकूंनी तिला उत्तर देऊन टाकलं होतं. पातोळ्या. तिला आवडतात म्हणून मी श्रावणात हळदीच्या पानांत उकडते त्या.

दुसरा मजला आला. "चलते हं काकू," मी म्हणाले. मी एवढंच म्हणाले.

घरी शरू बराच वेळ गवार मोडत बसली. ती हे काम आपणहून कधी करत नाही.

"आई, चुकीचं म्हणजे किती चुकीचं? थोडं, की एकदम?"

"तुला नको असेल तर नको करू."

"पण काकू उभ्या होत्या ना सकाळपासून." आणि मग, थोड्या वेळाने, "रोज विरस होत होता, हे मला कोणी सांगितलंच नाही."

ती हे रागाने म्हणाली नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती मागचे सगळे दिवस पुन्हा तपासून बघत होती आणि प्रत्येक दिवशी कोण कसं हसलं होतं ते तिला नव्याने ऐकू येत होतं, असा तिचा चेहरा होता. गवारीच्या शेंगा ती इतक्या बारीक मोडत होती की त्यांची भाजी होणं शक्य नव्हतं. एक मुलगी सहा-सात दिवस आनंदात होती, आणि एका लिफ्टमध्ये, दोन मजल्यांत, तिच्याकडून तो आनंद मागून घेतला होता. तोही गाल कुरवाळून.

संध्याकाळी शरूने तिचा आवडता निळा परकर घातला. पार्किंगमध्ये गर्दी होती, शेवटचा दिवस म्हणून सासूबाईही खाली आल्या होत्या. गाणी झाली, मी शेवटची अक्षरं म्हटली. काकूंनी डबा आणला. पितळी, कडीचा, त्यांच्या आईचा असावा. त्यांनी तो आधी एका बाजूला हलवला, मग दुसऱ्या. मऊसा, ओलसर आवाज आला. शरू पुढच्या रांगेत होती. तिने डोळे मिटले नाहीत. मान कलवली नाही. हात मांडीखाली दाबून ती सरळ समोर बघत होती, जणू ऐकू येऊ नये म्हणून.

"गोड," काकू म्हणाल्या.

मुली बासुंदी म्हणाल्या, लाडू म्हणाल्या, गुलाबजाम म्हणाल्या. मग नेहमीसारख्या सगळ्या शरूकडे वळल्या. चिमुरड्यांना अजून काही माहीत नव्हतं.

"शरूताई, सांग ना."

मी तिला खोटं बोलताना तोवर कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे ते तिला किती वाईट जमतं हे मला ठाऊक नव्हतं. तिचे कान लाल झाले. तिने एकदा काकूंकडे बघितलं, आणि ओठ न उघडल्यासारख्या आवाजात म्हणाली, "चकली?"

डब्यात चकली असती तर तो पार्किंगभर खडखडला असता. आणि गोड चकली कुठे असते? काकूंनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला.

"अजून एक संधी, शरू," कोणीतरी म्हणालं.

"वेफर्स."

आता हशा झाला. टाळ्याही वाजल्या. "हरली बाई एकदाची," एकजण म्हणाली. भोईर आजी खुर्चीतून पुढे वाकून शरूकडे बघत होत्या, हसत नव्हत्या. स्वातीने डिशेसचा गठ्ठा हातात घेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आज आईने सांगितलं नाही वाटतं."

शरूने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मदत मागण्यासाठी नव्हे. आपल्यामुळे आईला कोणी काही बोललं का, एवढंच बघायला. मग ती हसली. सगळ्या हसत होत्या तसंच, तेवढंच, तिच्या चेहऱ्यावर आधी कधी नसलेलं हसू. ते अगदी माझं होतं. मी लिफ्टमध्ये हसते तसं.

काकू डब्याची कडी उघडायला लागल्या. मी डिशेस खाली ठेवल्या. माझा आवाज मला परका वाटला, आणि थोडा मोठाही झाला असावा, कारण कडीवरचा काकूंचा हात थांबला.

"काकू, थांबा, उघडू नका. तिला माहीत आहे डब्यात काय आहे. तिला कोणी सांगितलेलं नाही, कधीच कोणी सांगितलेलं नव्हतं. चुकायला मात्र तुम्ही सांगितलंत. शरू, डोळे मीट आणि खरं काय ते सांग."